पिल्लांना दूध देऊ नकोस

सुषमा,

धाकटं पिल्लू सकाळपासून मान उचलत नाही, म्हणून त्याला घेऊन पर्वत पाटिया भागातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे चाललोय. बाकीची दोघं खोक्यात आहेत. त्यांनाही जुलाब होतायत. गोधडीत उबेला ठेव, पण दूध देऊ नकोस.

डॉक्टर फोनवर म्हणाला, "काका, गाईचं दूध पाजलं ना? एवढ्याशा पिल्लांना ते पचत नाही." त्यांच्या दुधाची पावडर वेगळी मिळते म्हणे, ती आणतो. मला तर काही समजेनासं झालंय. मांजराला दूध चालत नाही, हे या वयात ऐकतोय.

परवा तू हेच सांगत होतीस, आणि मी म्हणालो, "तुझी सासू असती तर पिल्लं उपाशी राहिली नसती." चुकलं माझं.

ती गेली तरी तिच्या चहासाठीची दुधाची थैली मी बंद केली नाही. रोज दारात येते, मोरीत ओतवत नाही, म्हणून पिल्लांना पाजत होतो.

दूधवाल्याला आज तू सांग. मी दोनदा गेलो आणि न बोलता परत आलो.

— बाबा