नकोसं झालं तर

पिल्बारा, १२ ऑगस्ट

आईस,

तू, तुझा नवरा रस आणि सगळी कुत्री मजेत असाल. मीही मजेत. इथे लाल धूळ, खाण आणि मेसमधलं तेच ते मटण. तिकडे टास्मानियात ऑगस्टची थंडी, शेकोटी पेटली असेल आणि तिच्यासमोर तुझे टेरियर पाय ताणून पडले असतील.

ताईचा फोन आला होता. तू विकलेल्या त्या टिली कुत्रीला परत आणायला तू बोटीने पार मेलबर्नला गेलीस म्हणे. मालकिणीच्या नव्या नवऱ्याला कुत्री चालत नाही. तुझी अट मला पाठ आहे, "माझ्या दारातून गेलेलं पिल्लू नकोसं झालं, तर माझ्याच दारात यायचं." हे कबूल केल्याशिवाय तू कुणाच्या हातात पिल्लू दिलं नाहीस. एक बाई पर्समध्ये मावेल एवढं मागत होती, तिला म्हणालीस, "मग पाकीट घ्या की!" मी हसून लोळलो होतो.

टिलीच्या गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून तिला कधी विऊ द्यायचं नाही, हेही तू मालकिणीला बजावलं होतंस. बरोबरच आहे. नर बघताना तू त्याच्या आजोबाचेसुद्धा गुडघे तपासतेस. बाबांना बघताना काय तपासलं होतंस? विचारायचं नव्हतं, विचारलं.

रसशी माझं वाजलं तेव्हा तू माझी बॅग व्हरांड्यात आणून ठेवलीस. "जा, कमव, माणूस हो." मागे मी फोनवर विचारलं, थोडे दिवस येऊ का? तर म्हणालीस, "तुझ्या खोलीत बाळंतीण आहे रे. पिल्लांना ऊब लागते." ठीक. ताई म्हणते, पिल्लं विकली गेली. आता माझ्या पलंगावर टिली झोपते.

मजेत वगैरे काही नाही, आई. खडी वाहायच्या पट्ट्यात माझा पाय अडकला. गुडघ्याची वाटी जागेवर राहत नाही. मुकादम डग म्हणतो, "लंगड्या, आता तुला कोण विकत घेणार?" सगळे हसले, मीही हसलो. काम गेलं. शुक्रवारी कॅम्पातली खोली सोडायची आहे.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळच्या बोटीने तुमच्या डेव्हनपोर्ट बंदरात उतरेन. धक्क्यावर ये, किंवा येऊ नकोस. ती अट फक्त कुत्र्यांसाठी होती का, ते तिथेच कळेल.

टिलीला पलंगावरून उठवू नकोस. मी खाली झोपेन.

तुझ्याच दारातून गेलेला,
जॅरड