लिनबाईंच्या वाडग्यावर माझं नाव

न्यूनेन (नेदरलँड्स), रविवार

तीर्थस्वरूप अक्का,

शिरीषचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली साष्टांगातली निम्मी अंगं मनातल्या मनातच टेकतात, पण नमस्कार पुरा धरावा.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. थेंब वेळेवर घालतेस ना? अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, तरी वाचताना डोळ्यांवर ताण देऊ नकोस. तू म्हणशील, दर रविवारी फोनवर तोंड दिसत असताना पत्राचा हा उपद्व्याप कशाला? तर अक्का, काही गोष्टी तोंड दिसत असताना सांगता येत नाहीत. आई गेल्यापासून मला बाळू म्हणणारी तू एकटीच उरलीस, आणि तू फोनवर बाळू म्हटलंस की माझं पुढचं वाक्य अडतं.

इकडे सगळे मजेत. गंधार सायकलवरून ऑफिसला जातो, अमृता घरातूनच ऑफिस करते आणि सुरेखाने आल्या आल्या सुनेच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आहे. गाव इतकं शांत आहे, की कचऱ्याची गाडी आली तरी लोक खिडकीशी येतात. (लोक म्हणजे मी.) पहिल्याच आठवड्यात सुरेखाला सर्दी-ताप झाला. इथल्या डॉक्टरने, म्हणजे यांच्या हाउसआर्ट्सने, पॅरासिटामॉल घ्या आणि आराम करा, एवढंच सांगितलं. ते ऐकून (भिंतीला भिंत लागून आहे, खोकला ऐकू जातोच) शेजारच्या लिनबाई वाडगाभर गरम काढा घेऊन आल्या. आलं, गूळ आणि खजुरासारखी लाल फळं. लिनबाई माझ्याच वयाच्या, चीनमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या, आमच्यासारख्याच मुलाकडे येऊन राहिलेल्या. त्यांना मराठी येत नाही, आम्हाला चिनी येत नाही आणि डच तिघांपैकी कुणालाच येत नाही, त्यामुळे बोलण्यात गैरसमज व्हायला वावच नाही.

आता तो वाडगा. पांढरा, पातळ, बाहेरून निळी कमळं, टिचकी मारली की देवघरातल्या घंटीसारखा वाजणारा. आपल्या घरात चिनी माती म्हणजे लोणच्याची बरणी आणि पाहुण्यांपुरत्या काढायच्या कपबश्या. रोजच्या जेवणात असलं नाजूक काही हाताळायची आपल्याला सवय नाही. सुरेखाने तो घासूनपुसून ठेवला आणि म्हणाली, रिकामा कसा द्यायचा? म्हणून त्यातून साबुदाण्याची खिचडी गेली. दोन दिवसांनी वाडगा परत आला, त्यात कोबीचं सारण भरलेले, मोदकांचे चुलतभाऊ शोभतील असे उकडलेले कानवले. म्हणजे लिनबाईंकडेही रिकामं भांडं परत करत नाहीत! मग काय, कोथिंबीरवडी गेली, तिळाच्या गोळ्या आल्या, शिरा गेला, वाफवलेले पाव आले. सहा आठवडे तो वाडगा कुणाच्याच घरी टेकला नाही. ने-आण माझ्याकडे होती, आणि निवृत्तीनंतर इतकं नियमित काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

इथवर सगळं छान होतं. पण अमृताला त्या वाडग्याचा इतका मोह पडला, की आइंडहोवेनच्या चिनी दुकानातून तिने तसेच चार वाडगे आणले. तीच निळी कमळं, तोच घाट. झालं, घरात पाच वाडगे आणि त्यातला एक लोकांचा. सुरेखाने आपल्या चारांना नेलपॉलिशचे ठिपके लावले (कार्यात उसनी पातेली आणली की लावतो तसे), ते डिशवॉशरने आठ दिवसांत खाल्ले. तेव्हा माझ्यातला टूलरूमचा माणूस जागा झाला.

तुला माहीतच आहे, भांड्यावर नाव घालायचं माझं मशीन मी कुठेही गेलो तरी बॅगेत असतं. विमानतळावर त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मी हाताने नाव घालण्याचा अभिनय करून दाखवला, तेव्हा सोडलं. आपल्याकडचा नियम साधा आहे: ज्याचं नाव, त्याचं भांडं. (आईच्या पितळी डब्याच्या वेळी तूच हे म्हणालीस आणि डबा माझ्या हातात दिलास. असो.) तर मी पाचही वाडगे ओट्यावर मांडले. एक उपडा केला, तर त्याच्या बुडाला बारीक टोच्यांची एक चिनी खूण. मी मनाशी म्हटलं, हा कारखान्याचा लॉट नंबर. कारखान्याचा नंबर, म्हणजे दुकानचा माल, म्हणजे आपला. अडतीस वर्षं मालावरचे नंबर तपासलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको! चष्मा पुसला, मशीन लावलं आणि खुणेच्या शेजारी वळणदार अक्षरात घातलं: शि. ग. आठल्ये. चिनी मातीवर अक्षर काय सुरेख उठतं अक्का, स्टील त्यापुढे काहीच नाही.

अमृता पाणी प्यायला आली, तिने उरलेले चार वाडगे उपडे केले. चारांच्याही बुडाला छापलं होतं: मायक्रोवेव्ह सेफ.

बाबा, एवढंच म्हणाली, आणि पाणी न पिताच गेली.

पुढचे आठ दिवस वाडगा तूरडाळीच्या डब्यामागे होता. लिनबाई दुपारी खिडकीत बसतात, म्हणून मी फिरायला मागच्या दाराने जाऊ लागलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. त्या मला हात करायच्या आणि मला वाटायचं, वाडगाच मागताहेत. शेवटी सुरेखाने नारळाच्या वड्या केल्या, वाडगा भरला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, नाव तुमचं आहे, तुम्हीच जा.

गेलो. लिनबाईंचा मुलगा घरी होता, त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. त्याने आईला सांगितलं. बाईंनी वड्या शांतपणे एका ताटलीत काढल्या, वाडगा उपडा केला, चष्मा लावला आणि माझ्या नावावरून बोट फिरवलं. मग शेजारच्या टोच्यांवरून फिरवलं. मी त्यांच्या पायपुसण्याकडे बघत होतो. मग त्या बराच वेळ बोलल्या आणि मुलाने मला समजावलं. ते टोचे म्हणजे लॉट नंबर नव्हता. ते लिनबाईंच्या वडिलांचं नाव होतं. त्यांच्या गावात लग्न निघालं की घरोघरचे वाडगे गोळा व्हायचे आणि ते पुन्हा ज्याच्या त्याच्या घरी जावेत म्हणून कारागीर बारीक छिन्नीने बुडाला नाव टोचून द्यायचा. दोन डझन होते. आता हा एकच उरला आहे.

अक्का, मला तिथे उभं राहवेना. म्हणजे त्यांच्याकडेही नाव घालतात! अख्ख्या नेदरलँड्समध्ये या एका बाईला माझ्या मशीनचं मोल कळलं असतं, आणि मी ते तिच्याच वडिलांच्या नावाला खेटून चालवलं होतं.

बाईंनी विचारलं, हे नाव कुणाचं? मी म्हटलं, माझं. त्यावर त्यांनी वाडग्यात तिळाच्या गोळ्या भरल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मुलगा म्हणाला, आई म्हणते, तुमचं नाव आहे, तेव्हा वाडगा तुमचा. मी नको नको म्हणालो, हात जोडले, पण बाईंनी हसून दार लोटून घेतलं. रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आम्ही वीस तारखेला निघतो. निघायच्या सकाळी तो वाडगा नारळाच्या वड्यांनी भरून मी त्यांच्या दारात ठेवणार आहे. परत द्यायला आम्ही इथे नसू, म्हणजे तो तिथेच राहील. एवढीच युक्ती सुचली. सगळ्यांना यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद. थेंब विसरू नकोस.

तुझा,
शिरीष

ता. क. आमच्या पुण्याच्या घराची किल्ली शेजारच्या विशाखाकडे आहे. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, मिक्सरच्या खोक्यामागे, आईचा पितळी डबा आहे. आम्ही यायच्या आत तो घेऊन जा. पत्र लिहायला बसलो ते खरं तर एवढ्यासाठीच.

दुसरा ता. क. त्याच्यावरचं नाव आईने घालून घेतलेलं नव्हतं. आईच्या भांड्यांच्या वाटणीच्या आदल्या रविवारी मी घातलं. मशीन नवीन होतं, हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. तू त्या दिवशी नाव वाचलंस, पदराने डबा पुसलास आणि मला दिलास. त्या डब्यातले लाडू तू आणि आई मिळून वळायचात, मी फक्त खायचो. मला माफ कर.

तिसरा ता. क. विशाखाला फोन करून बेसनाचे लाडू भरून ठेवायला सांगितलं आहे. रिकामं भांडं परत करू नये.

शेवटचा ता. क. सुरेखाने पत्र वाचलं. ती म्हणते, अक्कांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. आईने नाव घातलं असतं तर बाळू घातलं असतं, डब्यावर सही केल्यासारखं शि. ग. आठल्ये कोण घालेल? मला हे आजवर सुचलं नव्हतं. तसं असेल, तर अक्का, मला कळवू नकोस. डबा मात्र घेऊन जा.