मामाच्या बाटलीतला पहिला ग्लास

मिसिसागा
सोमवार, २ जून २०२५

प्रिय मेल्विन,

बाटलीचं सील अजून शाबूत आहे. धाकट्या ऑलिव्हियाने सकाळी कॉलेजला जाण्याआधी बघितलं आणि मला कामावर मेसेज केला.

बाकी देवाच्या दयेने आम्ही बरे आहोत. मम्मीचा गुडघा कसा आहे? केझियाचा लग्नाचा गाऊन एकदाचा नीट बसला. हॉलवाल्याला जेवणाचं पक्कं सांगितलंय. विंदालू आहे, काळजी करू नकोस.

सील कशाला बघायचं, असं तुला वाटेल. फोनवर बोलता येत नाही, नवरा दिवसभर घरात असतो, म्हणून कामावरून हे ईमेलने पाठवतेय. पाठ धरली म्हणून शॉनचं वॉन शहरातल्या गोदामातलं काम सुटलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. पाठ ठणठणीत आहे. तो पिऊन फोर्कलिफ्ट चालवताना सापडला. मग जानेवारीत केझियाला बेसमेंटमध्ये बेशुद्ध दिसला. डॉक्टरीण म्हणाली, पुन्हा सुरू केलं तर लिव्हर साथ देणार नाही. तेव्हापासून थेंब घेतलेला नाही त्याने.

आणि आता तुझ्या बोटीवरच्या देवेशने तुझी बाटली आणून दिली. चूक तुझी नाही. भाचीच्या लग्नात मामाची बाटली उघडायची, पहिला ग्लास नवरीच्या बापाला द्यायचा, हे आपल्या घरात पप्पांच्याही आधीपासून चालत आलंय.

शॉनने ती शोकेसमध्ये ठेवलीय. येईल त्याला सांगतो, "ही लिकर स्टोअरमधली नाही हं! आमचा मेल्विन स्कॉटलंडला बोटीवरून उतरून स्वतः डिस्टिलरीत गेला होता. चार पिढ्या एकच कुटुंब चालवतंय, कुठल्या कंपनीला विकली नाही. सिंगल माल्ट!" बोलता बोलता बाटली काढून पुसतो. काल तीन वेळा पुसली.

"मॉम, जस्ट डम्प इट," ऑलिव्हिया म्हणाली. मी बाटली उचलली, तर शॉनने माझं मनगट धरलं.

"पाहुण्यांसमोर ज्यूस पिऊ मी? बाप आहे तिचा. एकच घोट, ब्लांच. मेल्विनचा मान आहे."

"तुझा एकच घोट मी बघितलाय."

तो हसला. मला हसू आलं नाही. केझिया सगळं ऐकत होती. डॅडने ग्लास तोंडाला लावला तर मी हॉलमधून निघून जाईन, म्हणते. ती जाईल, तुला तिचा स्वभाव माहीत आहे.

आमचं तो ऐकत नाही. मामाने केलं तर मात्र कुणी बोलणार नाही, तोही नाही. पहिला ग्लास तू स्वतः घे, नाहीतर नवऱ्यामुलाच्या वडिलांना दे. विमानात बसायच्या आधी एवढं ठरवून ये. इतके दिवस लपवलं म्हणून रागावशील, ते माझ्यावर रागाव. त्याच्यावर नको.

शनिवारी फादर प्रार्थना म्हणतील, मग टोस्टसाठी तुझं नाव पुकारतील. शॉन ग्लास धरून तुझ्यासमोर उभा राहील. मी तेव्हा तोंडातून शब्द काढणार नाही.

तुझ्या हातांकडे बघत असलेली
तुझी बहीण,
ब्लांच