खळ लावलेली पानं

बाबा,

तुमच्यावर रागवायचं म्हणून बसले आहे. तो रागही धड येत नाही, हा पहिला घोटाळा. गेले पाच महिने मला धड काहीच येत नाही. भूक नाही, झोप येते ती भलत्या वेळी, आणि रडू तर नाहीच. तुमचा जावई गेला. तुम्हाला हे दुसरं कोण सांगणार, म्हणून मीच सांगते. अंधेरीच्या ऑफिसात, खुर्चीतच, चहा सांगितला होता तो यायच्या आत. एक्केचाळीस वर्षांचा होता. तुम्ही त्याला पाहिलंच नाहीत, तुम्हाला जाऊनच सतरा वर्षं झाली. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, आई गेली तेव्हा मी होते तेवढाच. मी बोरीवलीत एका लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट टाइप करते. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. सगळ्या म्हणाल्या, किती खंबीर आहेस गं तू. मी म्हटलं, हो.

कांदिवलीची आपली लायब्ररी आठवते. लायब्ररी कसली, जिन्याखालची खोली आणि एक ट्यूबलाइट. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही ती घेतलीत, तेव्हा अख्खी चाळ हसली होती. मोठ्यांची पुस्तकं वर आणि पोरांची अगदी खाली, जमिनीलगत, म्हणजे कुणाला मागायला नको, बसकण मारून हवं ते काढावं. फाटलेली पुस्तकं तुम्ही घरी आणायचात. आई मैद्याची खळ शिजवून द्यायची. तिचं ते काळं पडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं वेगळं असायचं, आणि 'ह्याला हात लावशील तर बघ' असा रोजचा दम. ती काविळीत गेली. चौथ्या दिवशी तुम्ही लायब्ररी उघडलीत आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात उभे राहून स्वतः खळ शिजवलीत. गुठळ्या झाल्या. मी दारात उभी राहून बघत होते आणि तुम्ही म्हणालात, "जा गो, अभ्यास कर." आईबद्दल आपण दोघं त्यानंतर कधी बोललो नाही. तिचं नाव घरातून गेलं, पातेलं मात्र राहिलं.

मग ती पानं सुरू झाली. पोरांच्या ज्या ज्या गोष्टीत कुणाची आई मरते, आजी मरते, एवढंच कशाला, वासरू मरतं, तिथली समोरासमोरची दोन पानं तुम्ही खळ लावून चिकटवून टाकायचात. काठ नीट दाबून, वर वरवंटा ठेवून. बाहेरून कळायचंही नाही. शेजारच्या काकू एकदा तावातावाने आल्या होत्या, "अहो, पोरगं डोकं खातंय माझं. आजी आत्ता आजारी होती, पान उलटलं तर गायबच! गेली कुठे म्हातारी?" तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "छापतानाच चिकटली असतील." मला हसू आलं होतं. खरं म्हणजे मला सगळं कळत होतं. हे सगळं माझ्यासाठी चाललंय हेही कळत होतं, कारण त्या खालच्या कप्प्यातलं एकूण एक पुस्तक वाचणारी मी एकटीच होते.

एका रविवारी तुम्ही बाहेर गेला होतात. मी एक पुस्तक घेतलं, नदीकाठच्या गावातल्या मुलाचं, आणि भाताच्या पातेल्यावर धरलं. वाफेने पानं सुटायला लागली. पण मला कुठला दम! ओढली, आणि अर्धी अक्षरं समोरच्या पानावर गेली. त्याची आई मेली एवढं वाचता आलं. पुढे तो मुलगा काय करतो, कुणाला सांगतो, जेवतो की नाही, त्या रात्री कुठे झोपतो, तेवढंच नेमकं सोललं गेलं. पुढच्या पानावर तो थेट शाळेत, आणि वर्षभराने मोठा. मी ते सोललेलं पान तोंडाजवळ धरून बघत असताना तुम्ही आलात. तुम्ही आयुष्यात एकदाच माझ्यावर ओरडलात, ते तेव्हा. "त्या पानात काय नाय! काय बघतंस? रडान आवस येवची नाय परत!" बाबा, मी रडत नव्हते. मी फक्त बघत होते की आई मेल्यावर रडतात की काय करतात.

गेल्या आठवड्यात शाळेतून बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "घाबरू नका, मस्ती काही नाही. उलट तो बोलतच नाही. पण लायब्ररीच्या तासाला एकच पुस्तक घेतो. परत करतो, तेच घेतो. मीही आता दुसरं घे म्हणत नाही." मी विचारलं, कसलं आहे? तर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच वाचा ना त्याच्याबरोबर." काल शनिवारी संध्याकाळी बसले. बसड्रायव्हर बापाची आणि त्याच्या मुलीची गोष्ट. चित्रं चांगली आहेत. मी मोठ्याने वाचत होते, तो माझ्या दंडाला टेकून. बाप आजारी पडला आणि मी दोन पानं एकदम उलटली. मी ठरवून केलं नाही, बोटांनी केलं.

"आई, चीटिंग. दोन पानं गेली."

"अरे, चिकटली असतील."

"नाही चिकटली. मी रोज उघडतो ना ती." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिचे बाबा मरतात, मला माहितीये. तू वाच ना. तू बोल."

आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. फोनवर 'ऑफ झाले', पाहुण्यांत 'हे झाल्यापासून', त्याच्यासमोर 'बाबा देवाघरी'. मी वाचलं. तिचे बाबा मेले. रिपोर्ट वाचावा तसा आवाज निघाला माझा. पुढच्या पानावर त्याने बोट ठेवलं, "इथे थांब." चित्रात ती मुलगी बापाचा खाकी शर्ट उशीखाली घालून झोपली आहे. तो उठला, दप्तर घेऊन आला, तळातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत त्याच्या बाबांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. मी कपडे वाटून टाकले होते ना, चौदाव्या दिवशीच, एकदम खंबीरपणे. त्यातला एक कमी होता हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पाच महिने तो शर्ट रोज शाळेत जाऊन येतोय, डब्याच्या खाली. मला म्हणतो कसा, "ती पण ठेवते. तिला कोण वेडी म्हणत नाही. म्हणजे चालतं ना?"

"चालतं," मी म्हटलं. मग तो रडला. पहिल्यांदाच, भोकाड पसरून, नाक गळेपर्यंत. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मला काही वाटत नव्हतं. फक्त एवढं वाटलं की ह्याला दोन पानांत सापडलं ते मला अजून माहीत नाही. तेव्हा मात्र तुमचा थोडा राग आला.

आणि आज सकाळी भांडी घासताना तोही गेला. कारण साधीच गोष्ट इतकी वर्षं मला सुचली नव्हती. कुठली पानं चिकटवायची हे कळायला आधी ती वाचायला लागतात. म्हणजे त्या सगळ्या मेलेल्या आया तुम्ही वाचल्यात. खालच्या कप्प्यापुढे मांडी घालून, एकामागून एक, गिरणीतला माणूस, पोरांची पुस्तकं. बायको जाऊन महिना झाला नव्हता आणि पुढे काय करतात हे त्या जिन्याखाली तुम्हाला एकट्याला माहीत होतं. बरोबर वाचायला मी होते की, बाबा. हाक मारायची होतीत.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार? वहीतच राहील. आत्ता दुपार आहे. तो बाहेरच्या खोलीत तेच पुस्तक घेऊन बसलाय. मला दोन हाका मारून झाल्या त्याच्या. लॅबचं काम घरी आणलंय असं मी सांगितलं. रविवारी कसलं काम! कालच्यासारखं पुन्हा वाचेन आणि पुन्हा काहीच वाटणार नाही, ह्याची भीती वाटते, आणि ती मात्र चांगली खणखणीत वाटते. दुसऱ्या हाकेनंतर तो 'बरं' म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने वाचायला लागला. त्या पानावर आला तसा त्याने आवाज वाढवला, मला आत ऐकू यावं म्हणून. कारण ह्या खोलीचं दार मी लावून घेतलंय, बाबा. आतून कडी घातली आहे.