मागे कुणी ठेवायचं नाही

३ ऑगस्ट

तांगाबोला पोचलो, सामान लागलं, आणि मार्यून सगळ्या खिडक्या उघडून बसली आहे. बायको अकरा वर्षांनी माहेरी राहायला आली. राजधानीत तिला एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. वरचा मजला आमचा, खालचा सासूबाईंचा. खिडकीतून अख्खी खाडी दिसते. वाळूचा किनारा, चौदा घरं, चर्च, आणि प्रत्येक घरामागे फटीफटींच्या फळ्यांची ती खोली, जिच्यात मटण वाऱ्यावर सुकत असतं. वास आठवणीपेक्षा बरा आहे. रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा मात्र अजून तोच, दात आंबवणारा.

सासुरवाडीत मुक्काम ठोकला की जावयाची किंमत रोज थोडी उतरते, हे मी धरूनच आलो आहे. पण मी नुसता जावई नाही, या भागाचा नवा सरकारी अंमलदार आहे. देवमाशांचा कळप दिसला तर तो हाकून किनाऱ्याला आणायचा की नाही हे मी ठरवणार, आणि शिकार संपली हेही मीच जाहीर करणार. त्यानंतर कुणी सुरी उचलली तर गुन्हा. शेजारचा सामल चाळीस वर्षं इथल्या होड्यांचा म्होरक्या आहे. तो म्हणाला की जावईबापू, तुमची बदली झाल्याचं माशांना कळवलंत का? सगळे हसले, मीही हसलो. मासेमारांच्या गावात विनोदाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

६ ऑगस्ट

धक्क्यावर एक जर्मन मुलगी शिकारीविरुद्ध फलक घेऊन उभी आहे. मला पाहून रडली. देवमाशांना भाषा असते, ते एकमेकांना ओळखतात, मेलेल्या पिल्लाला दिवसच्या दिवस पाठीवर घेऊन फिरतात, असं तिने कागदावरून वाचून दाखवलं. सकाळी हिनेच न्याहरीला डुकराचं मांस चापलं होतं, ते मी पाहिलं होतं. डुक्करही शहाणं असतं ना, असं विचारलं तर म्हणाली की पण ते मी मारलेलं नाही. म्हणजे पाप करायला हिने गडी ठेवला आहे.

आमचे लोकही काही कमी नाहीत. वाडवडिलांपासून चालत आलंय, असं सामल छाती पुढे काढून सांगतो, आणि त्याच्या फ्रीजमध्ये डॅनिश पिझ्झा रचून ठेवलेला असतो. माझं म्हणणं सरळ आहे. बुद्धी म्हणजे ताटातून सुटण्याचा परवाना नव्हे. मेंढी मूर्ख म्हणून तिला खाणं पुण्याचं, हा न्याय मला तरी पटत नाही. आणि देवमाशाची ती बुद्धी तरी कसली? एकाला किनाऱ्यावर ओढलं की बाकीचे वळून त्याच्यापाशी येतात. आपणहून. अक्कल असती तर एखादा तरी एकटा निसटला असता.

जेवताना हे बोललो. सासूबाई, ओलूवा त्यांचं नाव, बटाटे सोलत होत्या. म्हणाल्या की ते मठ्ठ आहेत असं आमच्यात कुणीच कधी म्हटलं नाही रे बाबा, शहाणे आहेत म्हणून तर रीत आहे. रीत अशी की कळप घ्यायचा तर पुरता घ्यायचा. मागे कुणी ठेवायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे दयेपोटी सगळ्यांना मारायचं, धन्य आहे तुमची. त्या रागावल्या नाहीत. एकटा उरलेला कुठे जाईल, एवढंच विचारलं आणि पुढचा बटाटा घेतला.

९ ऑगस्ट

कळप आला. दहा वाजता होडीवरून फोन आला, अकराला मी हुकूम दिला. आसपासच्या गावांतल्या धरून वीस होड्या अर्धवर्तुळात, दोऱ्यांना बांधलेले दगड पाण्यात आपटत, मागून कळप रेटत आल्या. डुबुक, डुबुक, सगळी खाडी त्या आवाजाने भरली. मग पुरुष कमरेपर्यंत पाण्यात उतरले, पाठीवरच्या नाकपुडीत आकडा अडकवायचा, दोर ओढायचा, मानेमागे भाला. बारा मिनिटं. काम चोख झालं, यात वाद नाही. चाळीस मासे.

मोठी मादी पहिली ओढली गेली. मग बाकीचे वळले, मी म्हटलं होतं तसेच. लाल पाण्यात एकमेकांवर चढत किनाऱ्याकडेच येत होते. एवढं मोठं डोकं, आणि त्यात हे.

शिकार संपल्याचं मी जाहीर केलं, आणि दहा मिनिटांनी खाडीच्या मधोमध पाठीवरचा एक पंख वर आला. एक मादी राहिली होती. पंखाच्या कडेला खाच होती. सामल धावत आला. साहेब, हुकूम मागे घ्या, होडी काढतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी नकार दिला. धक्क्यावर ती मुलगी कॅमेरा रोखून होती, माझे पाय गारठले होते, आणि खरं सांगायचं तर मासेमारांच्या भुताखेतांसाठी पहिल्याच शिकारीत कायदा मोडायची माझी इच्छा नव्हती. मोकळी आहे, जाईल समुद्रात, असं म्हणालो. सामल म्हणाला की मारणं पाप नाही हो, हे पाप आहे. दात नसलेल्या तोंडाने पाप-पुण्य.

घरी ताजं मांस, चरबी, बटाटे. मी दोनदा वाढून घेतलं. सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. मार्यूननेही.

११ ऑगस्ट

ती अजून आहे. खात नाही, बुडी मारत नाही, जिथे मोठी मादी ओढली गेली त्या जागेसमोर नुसती पडून असते. अख्ख्या गावाने आपापला वाटा टांगून ठेवला आहे, कापून खाल्ला तो मी एकट्याने. मेजवानीच्या वेळी एवढं सोवळं मी कधी पाहिलं नव्हतं. जर्मन मुलगी खूश होऊन परत गेली. जाताना मला म्हणाली की एकीला सोडलंत, थँक यू. चला, कुणाच्या तरी वहीत मी सज्जन ठरलो.

सासूबाई दिवसभर किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसतात. गावातली निम्मी माणसं त्यांची पोरं-नातवंडं-भाचवंडं. जो तो येऊन त्यांच्या शेजारी थांबतो. मार्यून चहा घेऊन जाते, मग तीही तिथेच बसते.

१३ ऑगस्ट

सकाळी आवाज. डुबुक. मला वाटलं कुणी होडी काढली. खाडीत एकही होडी नव्हती. आवाज मागून येत होता, डोंगरावरून. तिथे पाणीच नाही, गवत आणि खडक. दगड पाण्यात पडल्याचा तो आवाज, थोडा थांबून पुन्हा, आणि प्रत्येक वेळी थोडा खाली.

सामलला विचारलं. म्हणाला, ऐकू येतंय ना, मग मला कशाला विचारता? उर्मट.

१४ ऑगस्ट

डोंगरावरच्या मेंढ्या खाली आल्या. शंभर-दीडशे. गावातून चालत थेट वाळूवर गेल्या आणि लाटांत पाय बुडवून समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मालकांनी कुत्रे सोडले. कुत्रे त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

धुकं आहे. डोंगर दिसत नाही. त्याच्या आतून डुबुक, डुबुक, आता शेवटच्या घरांच्या मागे.

शिकार संपल्याचा हुकूम मी मागे घेतला. लिहून ठेवतो, भीतीने नव्हे, गावाची समजूत काढायला. सामल सहा माणसं घेऊन होडीतून गेला, मीही गेलो. खाच असलेली तिथेच होती. सामलने भाला उचलला. ती हलली नाही. तिच्या मागे धुक्यात एकेक पंख वर येत गेला. पन्नास, साठ, मग मी मोजणं सोडलं. खाडीच्या तोंडाशी अर्धवर्तुळ करून थांबले होते. पुढे येत नव्हते. सामलने भाला खाली ठेवला आणि हलक्या हाताने होडी वळवली. आता उशीर झाला, जावईबापू, असं म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

१५ ऑगस्ट, सकाळ

सासूबाईंना विचारलं की यांना सूड हवा आहे का. त्या म्हणाल्या, राग असता तर बरं होतं रे. राग नाही त्यांना. आपण कसं करतो ते त्यांनी पाहिलं. पाहिलं आणि शिकले.

मला हसू आलं नाही. मी मार्यूनला म्हटलं, आजच निघू. आईला घेऊन निघू, ती म्हणाली. आई नाही म्हणते.

दुपार

सासूबाई पाण्यात उभ्या आहेत. गुडघ्यापर्यंत. कुणी ढकललं नाही. आवाज घराच्या मागच्या भिंतीला टेकला तशा खुर्चीवरून उठल्या आणि चालत गेल्या.

मार्यूनच्या दोघी बहिणी त्यांच्याकडे गेल्या, आणायला. परत आल्या नाहीत. तिघी उभ्या आहेत. मग त्यांचे नवरे. मग नातवंडं. कुणी ओरडत नाही. जो तो आपल्या माणसापाशी जातो, हात धरतो, आणि तिथेच राहतो. सामल शेवटी गेला. त्याची बायको आधीच —

मार्यूनला मी दोनदा ओढून आणलं. ओले कपडे बदलले. दाराला कुलूप लावलं. ती भांडत नाही. आई तिथे आहे, एवढंच म्हणते.

चार वाजता

खालच्या खिडकीतून गेली. काच —

आवाज आता जिन्यात आहे. डुबुक. पायऱ्या कोरड्या आहेत.

थोड्या वेळाने

नीट विचार करतो. लिहिलं की विचार होतो. गाडी दारात आहे. किल्ली हातात. रस्ता मोकळा आहे, त्या बाजूला कुणी नाही, दहा मिनिटांवर डोंगरापलीकडे नेणारा बोगदा. आवाज मला अडवत नाही. मी पाहून आलो. गाडी सुरूही केली. अक्कल असलेला माणूस एव्हाना —

मांसाचं ताट टेबलावर तसंच आहे.

खिडकीतून दिसते ती. निळा स्वेटर. कमरेपर्यंत. आईचा हात धरलाय. मागे वळून पाहते आहे, माझ्याकडे. बोलवत नाही. नुसती पाहते. अर्धवर्तुळ आता आत येतंय, सावकाश, अगदी सावकाश, आपण येतो तसंच —

किल्ली खाली ठेवली.

तिला घेऊन लगेच परत येतो. पाणी फार नाही. तिचा हात धरायचा आणि