पेर्लाचा खेकडा

विल्बर्ट,

बाळ नुकतंच झोळीत झोपलं होतं आणि घर शांत झालं होतं, तेवढ्यात टाकीच्या काचेवर टकटक झाली. तू काल पेर्लासाठी आणलेल्या खेकड्याची नांगी वाजत होती. तुझ्या लाडक्या ऑक्टोपसने त्याला शिवलंसुद्धा नाही.

आता याहून चांगला खेकडा शोधत गावभर फिरू नकोस. ऑक्टोपस धरायला होडीवर नेतोस त्या आमिषातला एकेक खेकडा उलटा करून, भरलेला तेवढाच तू तिच्यासाठी बाजूला काढतोस. त्याच्या पायाचा दोराही हलक्या हाताने सोडवतोस. मी बाळंतपणात एक मागितला, तर म्हणालास, "अगं लीगिया, घरात घेवडा आहे ना!"

टाकीतल्या तिच्या मडक्यात वाकून बघ. आत वरच्या बाजूला पांढऱ्या अंड्यांचे झुबके आहेत. अंड्यांवर बसलेली मादी आमिषाला तोंड लावत नाही, हे मला तूच सांगितलंस. मग घरातली कशी दिसली नाही? पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती उपाशीच राहील, आणि मग मरून जाईल. आज मला तिची कीव आली. पण तू पाण्यात हात घालून तिच्याशी किती गोड बोलतोस, ते आठवलं आणि पुन्हा पोटात दुखलं.

मुलांना घेऊन मी आईकडे जातेय. घेवडा चुलीवर आहे. नोएमी चपला घालून दारात उभी आहे आणि मघापासून एकच विचारतेय, "आई, पेर्ला गेल्यावर बाबा तुझ्यासाठी खेकडे निवडतील?"