आईंच्या डाव्या कानासाठी

भोसले घाट, वाराणसी

प्रिय देवयानी,

परवा तू मेसेजमध्ये विचारलंस, "वहिनी, आईसाठी कोणते इअरबड्स घेतलेस? मलाही ऑफिसच्या बसमध्ये घालायला स्वस्तातले हवेत." मी 'चांगले आहेत, नाव पाठवते' एवढं लिहिलं आणि नाव काही पाठवलं नाही. बसले होते लिहायला, पण हात पुढे जाईना. म्हणून आज हा कागद. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर नीट देते, कारण या विषयात मी आता इतकी शिरले आहे की आमच्या शाळेच्या स्टाफरूममधल्या बायकाही मलाच विचारायला येतात.

आईंचा उजवा कान जवळजवळ गेलेला आणि डावा अर्धवट, हे तुला माहीत आहेच. कानाचं मशीन त्यांना सोसलं नाही. भांड्यांचा आवाज डोक्यात आपटतो म्हणाल्या, आणि मशीन कपाटात गेलं. तेव्हापासून तुझा फोन आला की स्पीकर. बाबा मध्ये, तुझा दादा बाजूला, आमची अवनी मोबाइल धरून आणि आई पलंगावर. तू तिकडे हैदराबादेत ओरडायचीस आणि इकडे तुझंच वाक्य बाबा त्यांच्या वर्गात शिकवायच्या आवाजात आईंना परत ऐकवायचे. खालून मणिकर्णिकेकडे कुणाला नेत असले की 'राम नाम सत्य है' गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत सगळे थांबायचो. मग तू कुठवर आली होतीस ते तुलाही आठवायचं नाही. जेवलीस का, हो. निनादराव बरे आहेत ना, हो बरे आहेत. झाला फोन. सगळं घर ऐकत असताना दुसरं काय बोलणार होतीस तू?

सुरुवात आईंनीच केली. श्रावणात त्या हॉस्पिटलमधून घरी आल्या तेव्हाची गोष्ट. अशक्तपणामुळे सलाईन लावलंय असं आम्ही तुला सांगितलं होतं. अवनी कानात बड्स घालून अभ्यास करत होती, म्हणजे तिच्या मते अभ्यास. आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या, "सुमेधा, हे असलं काही मला चालेल का गं? देवयानीचं बोलणं मला एकटीला ऐकायचंय." मी म्हटलं, चांगल्या कंपनीचे आणू. तर म्हणाल्या, "महागाचे नकोत. किती दिवस घालणार आहे मी ते?" मी ऐकलं नाही असं दाखवून दूध गरम करायला निघून गेले.

अवनीचे बड्स त्यांच्या कानात बसेनात. मग मी चौकातल्या दुकानातून एक जोड आणला. आवाज मोठा होता, पण नुसती धमधम. स्वस्तातल्या बहुतेकांचं असंच असतं बघ, गाण्यातला ढोल पुढे आणि माणसाचा आवाज त्याच्याखाली दबलेला. शिवाय त्या बड्सना नुसतं बोट लागलं की फोन बंद होतो. आईंचा पदर डोक्यावरून सरकला की फोन कट. अवनी म्हणायची, "आजी, टच मत कीजिए ना." आई म्हणायच्या, "मी कुठं करतेय? पदर करतोय." चार वेळा तसं झाल्यावर त्यांनी तो स्वतःच काढून माझ्या हातात ठेवला. दुकानवाला भला माणूस, "बहनजी, माताजी के लिए है तो बदल लीजिए" म्हणाला. बदली दिलेल्याला रबराची टोपणंच नव्हती. कानाला हलका, अजिबात दुखायचा नाही, पण सगळी गल्ली आत यायची. त्याचा माइक बघायला मी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसून तुझ्या दादाला फोन लावला, तर तो विचारतो, "तू बोलतेयस की नाववाला?"

शेवटी जो ठेवला, तो दिसायला अगदी साधा आहे. त्याला दाबायचं खरं बटण आहे, त्यामुळे पदराची भीती नाही. दोन्हींतला कुठलाही एकटा चालतो. आईंना डावाच लागतो, तेव्हा उजवा चार्जिंगच्या डबीतच पडून असतो. सगळ्यात लहान टोपण त्यांच्या कानात नीट बसलं. बाहेरचा आवाज दाबायची सोय नावापुरतीच आहे, पण रबरानंच बरंचसं काम भागतं. गाणी ऐकायला तुला तो जरा कोरडा वाटेल. बोलणं मात्र स्वच्छ, जवळ बसून बोलावं तसं. डबीचं झाकण घट्ट आहे, आईंच्या बोटांनी उघडत नाही, ते मी उघडून देते. तुझ्या बसच्या प्रवासाला चालेल, एकच कानात घाल आणि दुसरा रस्त्यासाठी मोकळा ठेव.

त्या गुरुवारी दुपारी मी तुला फोन केला होता. बाबा झोपले होते, दादा बँकेत. नवा जोड तपासायचाय, आईंशी बोल, म्हटलं. तू सवयीनं ओरडलीस आणि आईंनी दचकून हात वर केला. "हळू बोल, अगदी कानात आहेस." तू हसलीस, ते मलाही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तू नेहमीचंच बोललीस. ऑफिस, पाऊस, थोडी सर्दी झालीय, निनाद बरा आहे. फोन संपला. मला वाटलं, जमलं एकदाचं. पण आईंनी बड काढला नाही. म्हणाल्या, "तिला सर्दी नाहीये. रडून उठलीय ती. आणि घरात एकटी आहे." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाल्या, "स्पीकरवर नुसते शब्द यायचे गं. आज तिचा श्वास ऐकला मी. निनादरावांचं विचारलं तेव्हा आवंढा गिळला तिनं आणि मग बोलली. शाळेत मार खाऊन यायची तेव्हाही अशीच बोलायची."

देवयानी, तू निनादचं घर सोडून वेगळी राहतेस हे तू मला फेब्रुवारीत सांगितलंस आणि आईला कळू देऊ नकोस म्हणून शपथ घातलीस. मी ती पाळली. त्या दुपारीही तोंडातून शब्द काढला नाही, नुसती त्या डबीचं झाकण उघडत-मिटत राहिले. आईंनी माझ्या हातावर हात ठेवून ते थांबवलं. "तू नको सांगूस. तुला तिनं बांधून ठेवलं असेल. ती सांगेल." त्या रात्री जेवायला बसवलं तर दोन घास खाल्ले.

मी नागपूरहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू अकरावीत होतीस. थंडीत तुम्ही दोघी घाटाच्या पायरीवर उन्हात बसायचात, आई तुझ्या केसांना तेल लावायच्या आणि तू त्यांच्या गुडघ्याला टेकून तासन्‌तास हळू आवाजात काही सांगत राहायचीस. मला तेव्हा तुमचा हेवा वाटायचा. या परक्या गावात माझं असं हळू बोलायला कुणीच नव्हतं. एकदा आईंनी वळून पाहिलं, पायरीवरचा तेलाचा वाडगा उचलून पलीकडे ठेवला आणि मला तिथं बसायला सांगितलं. काय बोलत होतात ते तू थांबवलं नाहीस. गणिताच्या सरांविषयी काहीतरी होतं. त्या दिवसापासून मी या घरची झाले असं मी समजते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आईंना अशक्तपणा नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो यकृतात गेला आहे. ऑपरेशन होण्यासारखं नाही, घरी न्या आणि दुखणार नाही एवढं बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवाळीचं विचारलं तर त्यांनी नुसती गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली. तू लांब आहेस, घाबरशील म्हणून तुला सांगायचं नाही, असं बाबांनी आणि दादानं ठरवलं, आणि तुझ्यावर आधीच इतकं आलंय म्हणून मीही मान डोलावली होती. आईंना सगळं ठाऊक आहे. आम्ही त्यांच्यासमोर हळू बोलायचो, त्यांनी आमचे चेहरे वाचले. काल त्यांनीच मला सांगितलं, तिला कळव. फोनवर नको, चार लोकांत उभी असेल. कागदावर लिही, म्हणजे ती बसून वाचेल. घरात अजून कुणाला विचारलेलं नाही. दादा रागावेल, त्याचं मी बघून घेईन. हे वाचून झालं की दुपारी, जेवणं आटोपल्यावर फोन कर. मी बड त्यांच्या कानात घालून देईन, दार ओढून घेईन आणि बाहेर जिन्यात बसेन. कुणाला आत जाऊ देणार नाही. जे सांगायचं ते सगळं सांग. मग तिकीट काढ आणि ये, एकटीच आलीस तरी कुणी काही विचारणार नाही. आणखी काय लिहू असं मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "एवढंच लिही, की मला आता ऐकू येतं."

तुझीच,
सुमेधावहिनी